कागदावरचे चाळीस

आमच्या घरात नीतिमत्ता आली ती टाइपरायटर गेल्यामुळं. दादा, म्हणजे माझे वडील, शहरातल्या एका व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजात टंकलेखन शिकवायचे. हिशेबनीस होणाऱ्या पोरांना टायपिंग आलंच पाहिजे, असा तेव्हा दंडक होता. मग कॉम्प्युटर आले, यंत्रं भंगारात गेली आणि दादा तेवढे उरले. नेमका त्याच वर्षी अभ्यासक्रमात 'व्यावसायिक नीतिमत्ता' नावाचा विषय आला. तो घ्यायला कोणी तयार होईना, कारण त्याची शिकवणी निघण्यासारखी नव्हती. संस्थेचे मालक आबासाहेब दादांना म्हणाले, "सर, तुम्हीच घ्या. नायतरी तुमची बोटं आता रिकामीच हायेत." अशा रीतीनं माझे वडील नीतिमत्तेचे प्राध्यापक झाले.

दुसरा कुणी असता तर त्यानं गाईड आणून उतरवून दिलं असतं. दादांनी विषय मनावर घेतला, आणि त्याचा ताप पहिल्यांदा आम्हाला झाला. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. माय चिकलठाण्याच्या कंपन्यांतल्या पोरांचे डबे करायची. पहाटेपासून भाकऱ्या थापल्याचा आवाज, त्यात मधूनच पॅसेंजरची शिट्टी, येसराच्या आमटीचा वास, आणि या सगळ्यात दादा पाटावर बसून मोठ्यानं वाचताहेत: "हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय?" मायला वाटायचं ते तिला विचारताहेत. ती म्हणायची, "मला काय माहीत बाई. आधी ते कांदे सोलून द्या." मग दादा कांदे सोलत सोलत हितसंबंध समजावून सांगायचे. एकदा त्यांनी मायला विचारलं, डब्यातल्या भाजीत वांगी कमी आणि रस्सा जास्त असेल तर ते गिऱ्हाईकाला आधी सांगायला नको का? माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या ताटात फक्त रस्सा आला.

मी त्याच कॉलेजात, त्याच वर्गात होते. घरी 'दादा' आणि वर्गात 'सर' म्हणायचं असा त्यांचा नियम. कॉलेजच्या गेटच्या आत पाय पडला की बाप बदलायचा. मला त्याची लई लाज वाटायची. बाकीच्या मास्तरांची पोरं मजेत असायची; माझा बाप मात्र साऱ्या कॉलेजात हसण्याचा विषय होता.

कॉलेज म्हणजे काय होतं तेही सांगितलं पाहिजे. खाली आबासाहेबांचं मंगल कार्यालय आणि वरच्या मजल्यावर आबासाहेबांचं कॉलेज. दोन्हींचा जिना एकच. लग्नाची तारीख असली की आमच्या वर्गात नवरदेवाकडची मंडळी उतरायची आणि आम्ही गच्चीवर जायचो. कुठला तास गच्चीवर घ्यायचा हे ठरलेलंच होतं. अकाउंट्सच्या मास्तरला ऊन सोसत नव्हतं, कॉम्प्युटर जिन्यावरून हलवता येत नव्हते. त्यामुळं नीतिमत्ता कायम उन्हात. खाली बँड वाजतोय, मंगलाष्टकं चालली आहेत, आणि दादा घसा ताणून सांगताहेत की गिऱ्हाईकाच्या हिशेबाची गुप्तता कशी पाळावी. त्यांना इतकं ओरडावं लागायचं की शेजारच्या तीन इमारतींना गुप्ततेचे नियम पाठ झाले असतील.

एकदा तास होता 'भेटवस्तू स्वीकारावी का?' दादांनी फळ्यावर विषय लिहिला आणि तेवढ्यात खालून वाढप्यानं बुंदीची परात वर पाठवली. गरम बुंदी, वेलदोड्याचा वास, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. दादा म्हणाले, थांबा, आधी ठरवू. ही भेट कोणी दिली, कशासाठी दिली, आणि बदल्यात आपल्याकडून काय अपेक्षा आहे? आमच्यात रफिक नावाचा पोरगा होता. तो म्हणाला, "सर, उनकी अपेक्षा इतनीच है के हम ऊपर से पानी नको फेकना." मागं एका लग्नात पोरांनी गच्चीवरून वरातीवर पाणी ओतलं होतं. म्हणजे ही सरळसरळ लाच ठरत होती. त्यावर वाद रंगला. एकजण म्हणाला, लाच तेव्हाच जेव्हा आपण पाणी फेकणार होतो. पाणी टाकीतच नाही, तर लाच कसली? दादांना हा मुद्दा फार आवडला. ते तो फळ्यावर उतरवत असताना त्यांच्या पाठीमागं परात रिकामी झाली. वळून पाहिलं तेव्हा सगळ्यांची तोंडं भरलेली आणि चेहरे अत्यंत नैतिक. दादांनी परातीच्या कडेला चिकटलेले दोन दाणे बघितले आणि म्हणाले, "ठीक. निष्कर्ष आपोआप निघाला."

आता हा विषय असा शिकवत नाहीत. हल्ली म्हणे कॉम्प्युटरवर एक छोटी चित्रफीत दाखवतात. त्यात कोट घातलेला माणूस पाकीट नाकारतो, मग आपण चार पर्यायांतल्या एकावर टिचकी मारायची, की प्रमाणपत्र तयार. माझ्या पुतण्यानं ते प्रमाणपत्र मिळवलं तेव्हा तो जेवत होता आणि टिचक्या त्याचा मित्र मारत होता. शहराचं नाव बदललं, कॉलेजच्या जागी आता मोटारींचं दुकान आहे. ही रीत मात्र बदललेली दिसत नाही.

तर, दुसऱ्या वर्षी तपासणी समिती येणार असं कळलं. वर्गाच्या हजेरीपटावर चाळीस नावं होती आणि प्रत्यक्षात आम्ही वीस-बावीस. बाकीच्यांनी नाव घातलं तेव्हा ते खरंच होते, पण हळूहळू गळाले. कुणाचं लग्न झालं, कुणी वाळूजला कामाला लागलं. रफिकनंही दिवाळीनंतर येणं सोडलं होतं. पटावर मात्र सगळे रोज हजर असत, कारण चाळीसला मान्यता होती आणि मान्यतेमागं अनुदान होतं. दादा आपल्या तासाची हजेरी खरी लावायचे. ऑफिसात गेल्यावर कारकून ती दुरुस्त करायचा.

समितीच्या दिवशी खाली मोठं लग्न होतं. आबासाहेबांना काळजीच नव्हती. त्यांनी वऱ्हाडातल्या तरण्या पोरापोरींना वर आणून आमच्यात बसवलं. "तासाभराचा खेळ हाये," ते त्यांना म्हणाले, "नाव पुकारलं की हजर म्हणायचं. मग पहिल्या पंगतीला तुमीच." वर्ग एकदम भरला. एवढी सुंदर विद्यार्थ्यांची तुकडी मराठवाड्यात कुठं नसेल: गजरे, जरीचे काठ, डोक्यावर अक्षता. माझ्या शेजारी एक करवली बसली होती. ती नवरीची मावसबहीण, बीडहून आलेली. तिनं मला हळूच विचारलं, "हे कशाचं कॉलेज हाये?"

समितीचे अध्यक्ष भारदस्त आणि शांत गृहस्थ होते. त्यांच्यासोबत एक मॅडम. आबासाहेबांनी आदर्श पाठ म्हणून नीतिमत्तेचा तास ठेवला होता, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं असं त्यांना वाटे. दादा आले. वर्गावर नजर फिरवली. त्यांनी मुकाट्यानं हजेरी घेऊन धडा सुरू करावा, एवढंच मी मनात म्हणत होते. त्यांनी हजेरी सुरू केली. "सुनीता." शेजारची करवली म्हणाली, "हजर." सुनीता माझी मैत्रीण. तिचं लग्न होऊन ती पाचोडला गेली होती. "रफिक." मागून एक मिशीवाला, कपाळावर भला मोठा गंध, म्हणाला, "हजर, सर."

दादांनी हजेरीपट मिटला. समितीकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, यातले वीस-बावीस माझे विद्यार्थी आहेत. बाकीचे खालच्या लग्नातले पाहुणे आहेत. पाहुण्यांचा मान राखला पाहिजे, पण त्यांची हजेरी मला लावता येणार नाही."

खाली सनई चालू होती. आबासाहेबांचा चेहरा उतरला. दादांची नोकरी गेली हे मला स्वच्छ दिसलं, आणि का कोण जाणे, दीड वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची लाज वाटली नाही. तेवढ्यात अध्यक्षांचा चेहरा उजळला. "वा," ते म्हणाले, "काय सुरुवात केलीत पाठाची. नाट्यीकरण."

दादा म्हणाले, "साहेब, हे नाट्यीकरण नाही."

"तेच तर कौशल्य आहे," अध्यक्ष मॅडमना म्हणाले, "बघा, भूमिका सोडत नाहीत."

मॅडमनी मला उभं केलं. "तू विद्यार्थिनी की पाहुणी?"

"विद्यार्थिनी. ही पाहुणी आहे. नवरीची मावसबहीण. बीडची."

"आणि सुनीता?"

"तिचं लग्न झालं, मॅडम. ती पाचोडला असते."

"छान. पाठांतर चांगलं करून घेतलंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. अहवालात आलं की या संस्थेत नीतिमूल्यांचं अध्यापन वेशभूषेसह केलं जातं. पटसंख्या चाळीस, उपस्थिती पूर्ण. समिती पहिल्या पंगतीला जेवली. आबासाहेबांनी दादांना मिठी मारली आणि म्हणाले, "सर, आधी सांगितलं असतं तर नवरदेवालाच वर आणला असता."

त्या दिवशी दादा घरी येऊन नुसते बसले. मायनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं. त्यांनी हात लावला नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा मायला हसू आवरेना. मग दादांचा चेहरा बघून तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तुमी खरं बोल्लात ना? मंग झालं. त्याहून जास्त माणूस काय करणार?"

"खरं बोललो, आणि त्याचंच खोटं झालं," दादा म्हणाले. "आता खरं कसं सांगायचं तेच कळंना."

पुढं दोन-तीन दिवस ते तसेच होते. मग एका सकाळी मायच्या शेजारी बसून कांदे सोलताना म्हणाले, "पट खोटा हाये हे कुणी ऐकत नाय. मग तो खराच करून टाकू." सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्या गळालेल्या पोरांचे पत्ते काढले आणि मला म्हणाले, "चल." आम्ही पॅसेंजरनं लासूर स्टेशनला गेलो. तिथं आडतीच्या दुकानात पोती मोजणाऱ्या एकाला भेटलो. तो म्हणाला, सर, मी हजर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. रफिक जालना रोडवरच्या गॅरेजात सापडला. तो हसून म्हणाला, "सर, मेरी जगह तिलक लगाके कोई आया था बोलते. वो पास हुआ क्या?" पण पुढच्या आठवड्यात तो आला. असे एकेक करत आठ-दहाजण परत आले. त्यांना कुणी शोधत यावं हेच त्यांना अपूर्वाईचं होतं.

सुनीतासाठी पाचोडला गेलो तेव्हा आठवडी बाजार होता. तिचे सासरे तयार कपड्यांचं पाल मांडून बसायचे. दादांनी नमस्कार करून सांगितलं, "मी सुनीताचा शिक्षक. ती वर्षभर आमच्याकडं हजर आहे."

सासरे चपापले. "अशी कशी? ती तर माझ्या डोळ्यांम्होरं भाकरी थापती. मंग तुमच्याकडं कोण जाती?"

त्यांना समजवायला बराच वेळ गेला. कागदावर माणूस हजर असू शकतो हे त्यांना पटलं, पण त्यासाठी सरकार पैसे देतं हे काही केल्या पटेना. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी ती न जाता निम्मं काम झालं म्हणता?"

"व्हय. उरलेलं निम्मं तिलाच करावं लागंल. परीक्षेला बसू द्या तिला."

सुनीता पालामागं तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडं बघून हसली नाही. मग एकदम म्हणाली, "वैशू, मला लेजर पोस्टिंग सगळं आठवतं अजून. रात्री झोपताना करते मनात." सासऱ्यांनी ते ऐकलं. दोन शर्टांच्या घड्या घातल्या, पुन्हा मोडल्या, आणि म्हणाले, "माहेरी जाईना का परीक्षेपुरती. मुकुंदवाडीतच हाये न्हवं माहेर?"

परतीच्या बसमध्ये मी दादांना विचारलं. तुम्ही म्हणता खोटी हजेरी खोडली पाहिजे. सुनीताची खोडली तर तिला परीक्षेला बसता येणार नाही. आणि ठेवली तर ते खोटं. मग कुठलं करणार? मला वाटलं ते पुस्तकातलं काहीतरी सांगतील. त्यांनी खिडकीबाहेर बघत तिकिटाची बारीक घडी घातली. मुकुंदवाडीला उतरताना म्हणाले, "वैशू, हे माझ्या विषयात नाय."

उत्तर शेवटी मायच्या स्वयंपाकघरात निघालं. सुनीता माहेरी आली आणि रोज पहाटे आमच्याकडं येऊ लागली. मायनं आढ्याला साडीची झोळी बांधली, तिच्यात पोरगं. एकीकडं माय भाकऱ्या थापतेय, दुसरीकडं दादा सुनीताला बुडालेला एकेक तास शिकवताहेत, आणि मी झोळीला पायानं झोका देत माझाच अभ्यास करतेय. जितके तास ती खोटी हजर होती तितके तास तिला खरं बसवायचं, असं दादांनी ठरवलं होतं. एकदा त्यांनी तिला विचारलं, "आधी नोंद झाली आणि माल नंतर येतोय. याला आपल्याकडं काय म्हणायचं?" सुनीता म्हणाली, "आगाऊ, सर." माय तव्यावरून न बघता म्हणाली, "मला तर लई उशिरा वाटतंय." तरीही दादांच्या मनाला ते पुरतं पटलं नव्हतं. ते मला म्हणायचे, हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, फक्त याहून बरं काही सुचत नाही. नीतिमत्ता शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

इकडं कॉलेजात निराळाच घोळ झाला. वर्गात रोज तीसच्या वर पोरं यायला लागली. बाकं कमी पडली. कॉम्प्युटर तर पहिल्यापासून पाचच. पोरं जिन्यात बसू लागली आणि लग्नाच्या लोकांना वर-खाली करायला वाट राहिना. एका नवरीचा शालू कुणाच्या तरी दप्तराच्या बंदात अडकून फाटला. आबासाहेबांनी दादांना बोलावून घेतलं. मी दाराबाहेर उभी होते.

"सर, हे काय लावलंय तुम्ही?"

"पटावरचे विद्यार्थी आहेत, आबासाहेब. चाळीसच्या आतच आहेत."

"पटावर चाळीस हायेत ते मला माहीत हाये," आबासाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "कागदावर चाळीस बसतात हो. पण खरंच चाळीस आले तर बसवायचे कुठं? जरा माझाही विचार करा." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ते दुष्ट नव्हते, असं आज मला वाटतं. त्यांची इमारतच तेवढी होती.

वर्षअखेरीला नीतिमत्तेचा विषय आबासाहेबांच्या जावयाकडं गेला आणि दादांना खालच्या मंगल कार्यालयाचं व्यवस्थापन सांभाळायला सांगितलं. पगार तोच. दादांनी ते घेतलं नाही. पुढं ते आमच्याच पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायला लागले, अकाउंट्सच्या; सुनीताला शिकवता शिकवता तो विषय त्यांचाही पक्का झाला होता. मायच्या डब्यांवर घर चालत होतं, ते तसंच चालत राहिलं. माय एवढंच म्हणाली, "तुमी रिकामे हायेत तर आता कांदे रोजचेच."

परीक्षेत नीतिमत्तेच्या पेपरात प्रश्न आला: 'नोंदींमधील सत्यतेचे महत्त्व उदाहरणासह स्पष्ट करा.' मी गाईडमधलं उदाहरण लिहिलं. सगळ्यांनीच लिहिलं. सुनीता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. माय गेटबाहेर तिचं पोरगं घेऊन उभी होती. ते घेता घेता सुनीता म्हणाली, "वैशू, मी माझंच लिहिलं. मी पाचोडला असताना हजर होते, ते सगळं. सुचलं ते लिहून टाकलं. आता नापास करतील."

निकाल लागला. आबासाहेबांचा पुतण्या, जो वर्गात क्वचितच दिसला, त्याला नीतिमत्तेत पहिला नंबर मिळाला. गाईड त्याला तोंडपाठ होतं. मला बरे मार्क पडले. सुनीताला पासापुरते, एकही जास्त नाही. ती निकालपत्र घेऊन आमच्याकडं आली आणि दादांसमोर धरून म्हणाली, "सर, तुमच्याच विषयात सगळ्यात कमी."

दादांनी चष्मा लावून तो आकडा बघितला. मग कागद तिच्या हातात परत दिला.

"पास झालीस," ते म्हणाले. "खरं लिहून पास होता येतं, हे मलाही आजच कळलं."